कॅमेऱ्यापुढे रांगणारे भाऊ

एमएस्सीच्या प्रबंधासाठी, वाघांच्या मोजणीला, मी चंद्रपूरच्या जंगलात झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे बांधायचे. सोबत पन्नाशीचे वनमजूर भाऊ. कॅमेरा बांधला की चाचणीसाठी ते बिडी विझवून, चार पायांवर, वाघासारखे त्याच्यापुढून रांगत जायचे आणि विचारायचे, “आला का वाघ, म्याडम?” मी हसायचे.

नाल्याकाठच्या मोहाखाली मात्र ते उभेच राहिले.

“भाऊ, वाका ना.”

“इथी नाई, म्याडम. वाकलेला माणूस वाघाले जनावरच दिसते. माही बायको इथीच मोहफुलं येचत होती.”

मग ते कॅमेऱ्यापुढून ताठ चालत गेले. फोटोत फक्त त्यांचे गुडघे आले.

चाचणीचे फोटो मोजणीत धरत नाहीत. मी तोही वगळला.