तिकीट देता देता कोर्स विचारणारे माझे पप्पा

"माझी मुलगी डॉक्टर होणार," असं पप्पांनी अख्ख्या डेपोला सांगून ठेवलं होतं.

माझा नंबर लागला नाही. दोनदा.

पप्पांना जाऊन आज एक वर्ष झालं. ते सिटी बसवर कंडक्टर होते. हडपसर ते स्वारगेट, स्वारगेट ते हडपसर. माझ्या जन्माच्या आधीपासून.

दुसऱ्या रिझल्टनंतर मी घरात बोलणंच बंद केलं. ताट आतल्या खोलीत न्यायचे. पप्पा ड्युटीवरून आले की झोपल्याचं नाटक.

वाटायचं, डेपोत रोज कुणीतरी विचारत असेल, आणि माझ्यामुळे ते मान खाली घालत असतील.

काका म्हणाले, "अजून एक वर्ष ड्रॉप घेऊ दे तिला. बीएस्सी करून काय, शिकवण्या घेणार?"

पप्पा म्हणाले, "घेईल. शिकवणं वाईट असतं का?"

 आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं.

पण खरं सांगायचं तर बीएस्सीत काय काय असतं हे पप्पांनाही माहीत नव्हतं. ते बारावी झालेले. आमच्या नात्यात सायन्सला गेलेली मी पहिलीच.

विचारायचं कुणाला?

मग त्यांच्याकडे जे होते, त्यांनाच त्यांनी विचारलं.

पॅसेंजरना.

कॉलेजच्या मुलांनी पास दाखवला की हे विचारायचे, "काय शिकता आपण?"
बीएस्सी म्हटलं की, "कशात?"
मग, "त्यात दिवसभर करता काय?"
आणि शेवटी, "पुन्हा ॲडमिशन घ्यायची म्हटलं तर हेच घ्याल का?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. महिनाभराने एका दुपारी त्यांनी ड्युटीची डायरी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

बायोटेक. मुलगा, चष्मा. लॅब चांगली. पुढे एमएस्सी करावंच लागतं म्हणाला.

मायक्रोबायोलॉजी. दोन मैत्रिणी. लॅबमध्ये वास येतो म्हणाल्या. पण हसत होत्या.

झूलॉजी. मुलगा. आता बेडूक कापत नाहीत. मार्क कमी पडले म्हणून घेतलं. तोंड पाडून बसला होता.

बॉटनी. मुलगी. खिडकीतून झाडं दाखवून नावं सांगितली. सगळी इंग्लिश की लॅटिन, कळलं नाही.

एन्व्हायर्नमेंटल सायन्स. मुलगी. पिशवीत नदीच्या पाण्याच्या बाटल्या. तीन स्टॉप बोलत होती. उतरायचं विसरली.

"पप्पा, तुम्ही हे बसमध्ये विचारत होता?"

"गर्दी कमी असली की."

"लोक काय म्हणाले असतील!"

"एक बाई म्हणाल्या, माझ्या मुलालाही हवंय, जरा मोठ्याने बोला."

कितीतरी दिवसांनी मी हसले. आणि हसता हसता एकदम रडायलाच लागले.

"डेपोत माझं विचारतात का?"

"विचारतात की. मी सांगतो, नाही झालं. आता दुसरं बघतोय. त्यात काय एवढं?"

बस्स. मी महिनाभर ज्या गोष्टीला घाबरत होते, ती त्यांनी केव्हाच उरकून टाकली होती.

ॲडमिशनच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. खिडकीपाशी आल्यावर माझा पेन अडला. विषयाचा रकाना रिकामा.

"पप्पा, तुम्ही सांगा ना."

"मी फक्त विचारून आलोय. लिहायचं तू."

आतले क्लार्क म्हणाले, "घरून ठरवून यायची पद्धत असते."

पप्पा म्हणाले, "ठरवायलाच महिना गेला साहेब. अजून दोन मिनिटं द्या."

मी एन्व्हायर्नमेंटल सायन्स लिहिलं.

आता जे लिहितेय, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

थर्ड इयरला आमचं प्रोजेक्ट मुठा नदीवर होतं. गमबूट घालून काठाच्या चिखलात उभी राहून मी पाण्याचे नमुने घेत होते. वर पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं. पप्पांचा रूट तेव्हा बदलला होता, आणि त्या तुंबलेल्या बसपैकी एक त्यांची होती.

बसच्या दारातून ते ओरडले, "ती बघा! ती माझी मुलगी!"

अख्खी बस खिडक्यांतून बघायला लागली.

माझ्या शेजारी माझे क्लासमेट होते. एकाने विचारलं, "ए, तुला कोणीतरी हाक मारतंय का?"

मी म्हटलं, "नाही. दुसऱ्या कुणाला असेल."

आणि मान खाली घालून बाटलीवर लेबल लावत बसले. बस जाईपर्यंत.

संध्याकाळी घरी आले. पप्पांनी विचारलं, "चहा घेतेस?" बाकी काही नाही.

पुढे मी एमएस्सी केलं. नेट पास झाले. कॉलेजात शिकवायला लागले. त्या दिवसाबद्दल मात्र दोघंही कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी पप्पा हॉस्पिटलमध्ये होते. आई खाली औषधं आणायला गेली होती. मी त्यांचे पाय चेपत होते. म्हटलं, "पप्पा, त्या दिवशी पुलावरून तुम्ही हाक मारलीत, ती मला ऐकू आली होती."

ते डोळे मिटूनच म्हणाले, "माहीत आहे."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुझं काम चालू होतं. आणि बसमधल्या सगळ्यांना मी आधीच सांगून टाकलं होतं. एका आजोबांनी तर विचारलं, पाणी पिण्यासारखं आहे का?"

"मग?"

"म्हटलं, रिपोर्ट आला की सांगतो."

आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टर आत येऊन रागावल्या.

चौथ्या दिवशी ते गेले.

पप्पा, आज माझं सकाळचं लेक्चर आहे, फर्स्ट इयरचं. मी जाणार आहे. रविवारी घरी बुद्धवंदना ठेवली आहे. तुमच्या डेपोतले सगळे येणार आहेत.

तुमची खूप आठवण येते.

जय भीम, पप्पा.