आईच्या तोड्यांवरचे मकर

माझा भाऊ गलाईवाला आहे. विट्याकडची कितीतरी माणसं परमुलखात जुनं सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं चालवतात, त्यातलाच एक. त्याच्या दुकानात जुन्या दागिन्याला नाव नसतं. कोयरी असो की मोर, सगळ्याला एकच शब्द, मोड. त्या शब्दाची मला आता चीड येते.

आईच्या हातात मकरमुखी तोडे होते. दोन्ही टोकांना मकराची तोंडं, समोरासमोर, वळलेली सोंड, उघडा जबडा. मकर म्हणजे गंगेचं वाहन, पाण्याचा जीव. आटपाडीसारख्या कोरड्या मुलखात कुणा सोनारानं तो बाईच्या मनगटावर बसवला, ते काही उगाच नाही. विहिरीवर घागर भरली की आई आधी मनगट पाण्यात बुडवायची. लहानपणी मी विचारलं, तर म्हणाली, "आदी त्याला पाजायचं. त्यो प्याला की मग आपण."

यंदा भाचीच्या लग्नाआधी भाऊ गावी आला. तोडे काळवंडलेत, पॉलिश करून आणतो म्हणाला. आईचे सांधे सुजलेले, तोडे निघेनात. मीच साबण लावला, हात दाबून धरला आणि ओढले. आई कळवळली, तरी थांबले नाही.

परत आल्या त्या मशीनवर केलेल्या गुळगुळीत बांगड्या. मी जाब विचारला.

"आक्का, सोनं तेवढंच हाय. पालीची तोंडं हातात घालून लग्नात कोण मिरवतंय? लोक हसतील की."

पाल म्हणे. जन्म सोन्यात गेला आणि या गड्याला मकर ओळखता येत नाही. लोकांच्या घरातले किती हत्ती, किती हंस यानं असेच मुशीत घातले असतील. मी त्याला नाही नाही ते बोलले आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

आई त्याच बांगड्या घालून लग्नात वावरली. लग्न पार पडलं, तो निघून गेला. आता आमच्या दारात नळ आहे. काल तिनं घागर भरली, सवयीनं मनगट बुडवलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बांगडी चाचपत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता पाजू कुणाला गं?"

पाण्यात तिचं मनगट दिसत होतं. तोडे ओढताना सोललेली कातडी अजून भरून आलेली नव्हती, आणि ते काही भावानं केलेलं नव्हतं.