हरणाबाईची जादा भाकरी

तर ती जादा भाकरी. काल मी तिथंच थांबलो, कारण तुमच्यातल्या निम्म्यांचे डोळे मिटले होते. असली गोष्ट झोपलेल्या माणसाला सांगू नये, स्वप्नात ती आपली आपण पुढं चालू राहते.

काल जे घोरत होते त्यांच्यासाठी परत सांगतो, मला काय, सांगायला आवडतंच. कोयनेच्या पाण्यावरच्या डोंगरात आमचं स्काउटांचं उन्हाळी शिबिर भरायचं. मी तंबू आणि दोरखंड सांभाळणारा. प्रमुख लालासाहेब मास्तर, कऱ्हाडकडचे, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. आणि स्वयंपाकाला हरणाबाई. बाई मूळची त्याच खोऱ्यातली. धरण भरलं तसं तिचं गाव पाण्याखाली गेलं, आणि ती नवऱ्याबरोबर मिरजेच्या बाजूला सरकारी वसाहतीत राहायला गेली. तरी दर मे महिन्यात एसटीनं, घाटात उलट्या करत, ती आमच्याकडं भाकरी थापायला यायची. आम्हाला वाटायचं, पोटासाठी येते.

पोरांची पंगत उठली की ती एक पान वेगळं वाढायची आणि पाण्याच्या काठाला नेऊन ठेवायची. पहिल्या वर्षी नुसतं वाटीभर दूध. पुढं दुधात कुस्करलेला भात. मग चतकोर भाकरी, मग अर्धी. आणि त्र्याहत्तर साली, त्या मोठ्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, सबंध भाकरी, वर झुणका आणि फोडलेला कांदा. पान ठेवायची ती डाव्या हातानं.

आता हा डावा हात कुठून आला ते ऐका. स्काउट एकमेकांना भेटले की डावा हात मिळवतात, तशी त्यांची पद्धत. आपल्याकडं डाव्या हातानं कुणाला काही दिलं तर थोबाडीत बसते. उलटं करायचं ते फक्त मेलेल्यांसाठी. हरणाबाईनं पहिल्याच दिवशी ते हात मिळवणं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला कळलं भाऊ. गेलेल्यांची भेट घ्यायची रीत हाय हितं."

"अगं बाई, ही विलायतेची पद्धत आहे," मी म्हणालो.

"मग तिकडं काय कोण मरत न्हाई व्हय?"



दिवसभर शिबिर कसं गजबजलेलं असायचं. सकाळी झेंडा, मग कवायत. बांबू आणि सुतळीच्या गाठी मारून पोरं ताटं ठेवायला मांडणी करायची, चपला ठेवायला घोडी करायची. दोन झाडांमध्ये दोरीचा पूल. काठ्या आणि घोंगड्याची डोली करून एकाला जखमी म्हणून उचलायचं, आणि जखमी झालेला सगळ्यात जास्त हसायचा. शीळ घातली की समोरच्या डोंगरातून ती परत यायची. पण ऊन कललं, पाणी शिशासारखं जड दिसायला लागलं, की काठाला बसलेली पोरं आपसूक उठून तंबूंकडं यायची. कुणाला सांगावं लागायचं नाही.

त्या वर्षी एका सकाळी मी काठाला गेलो. पान रिकामं. ते कुत्र्यानंही खाल्लं असेल. पण पानाजवळच्या ओल्या मातीत पावलं होती, अनवाणी, पोरसवदा. आमच्या पोरांना बुटाशिवाय तंबूबाहेर पाय टाकायची बंदी. धनगराचं पोर आलं असेल म्हणावं, तर पावलं पाण्याकडून वर आली होती आणि पाण्याकडंच गेली होती. हरणाबाई माझ्या मागं येऊन उभी राहिली. वाकून पावलं न्याहाळली. म्हणाली, "पाय बापावर गेल्यात."

मग तिथंच बसून तिनं सांगितलं. गाव उठायच्या आधी तिचं तान्हं पोर तापानं गेलं होतं. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. परसात पुरलं, आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर तिनं स्वतःचा मिरची वाटायचा पाटा ठेवला. मग पाणी आलं. लोकांनी दारं नेली, वासे नेले, देव नेला. पाटा तिथंच राहिला. मिरजेकडं तिनं दुसरा पाटा केला नाही, वाटण शेजारणीकडं करायची.

त्या साली पाणी इतकं हटलं होतं की गाव वर आलं होतं. देवळाचा चौथरा, भिंतींच्या रांगा, आंब्याचा काळा बुंधा. आणि गाळात एक चपटा दगड. तिनं तो पहिल्याच दिवशी ओळखला होता.

"आमच्या मालकांनी सांगून धाडलंय," ती म्हणाली. मालक म्हणजे भाऊसो, तिचा नवरा. "पाणी उतरलंय तर मूठभर माती आण त्याच्यावरची. वसाहतीत दारापुढं पुरू. मग तुझं हे दरसालचं जाणं बंद. पोरगं गेलंय, त्याला जाऊ दे, म्हनत्यात."

"आणि तुला काय वाटतं?"

"आणीन म्हनून आलेय," एवढंच म्हणाली.

पण जायचं कसं? मधला गाळ माणूस गिळणारा. आदल्याच दिवशी पलीकडं एक बैल अडकला होता. लालासाहेब मास्तरांनी काठाला दोर बांधून टाकला होता, त्यापुढं कुणी जायचं नाही. आणि वळवाचे ढग दुपारपासून डोंगराला टेकायला लागले होते. एक मोठा पाऊस, की पाटा परत पाण्यात, आणि कुणास ठाऊक किती वर्षं.

मी हे सगळं मास्तरांच्या आणि पोरांच्या कानावर घातलं. मार्ग काढला शमशेरनं. मिरजेच्या सतारी करणाऱ्यांचा पोरगा, आपल्या तुकडीचा नायक, लय तोंडाळ. मास्तरांपुढं जाऊन म्हणाला, "सर, आज पूल बांधायचा धडा हायच. रोज कोरड्यात बांधतोय, बकऱ्याबी हसत्यात आमाला. आज मावशीसाठी चिखलात बांधू."

मास्तरांनी ढगांकडं पाहिलं, हरणाबाईकडं पाहिलं. "आधी मी चालणार त्यावरून," म्हणाले.

पोरांनी बांबूच्या ताट्या बांधल्या, एकापुढं एक गाळावर टाकत गेली. माझे सगळे दोर त्यात गेले. मास्तर चालून आले, मग हरणाबाई निघाली, पदर खोचलेला, हातात मातीसाठी धुतलेलं पांढरं फडकं. मागून पोरं. जाताना चेष्टा चालली होती, कोण आधी पडतो म्हणून. भिंतींच्या रांगांत शिरल्यावर सगळ्यांचे आवाज खाली आले.

पाट्यापाशी ती बसली. पाटा अजून मधोमध खोलगट, वाटून वाटून झिजलेला. तिनं फडकं पसरलं, हात पाट्याखाली घातला, आणि तसाच ठेवून बसली. माती काही वर येईना.

शिबिरात नवा पोरगा आला की जुन्यांनी डावा हात देऊन आपलं नाव-गाव सांगायचं, असा मास्तरांचा दंडक होता. शमशेरला काय वाटलं कोण जाणे. तो वाकला, डावा हात पाट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मी शमशेर. मिरजेचा." त्याच्यामागं जोतिबा वाकला, "मी जोतिबा. तासगावचा." मग एकेक करत सगळी पोरं. कुणी हसलं नाही.

शेवटच्या पोरानं हात काढला आणि समोरच्या डोंगरातून शीळ आली. परत आलेली शीळ मी ओळखतो, पण इकडून कुणी घातलीच नव्हती. मास्तरांची शिट्टी खिशात होती, मी स्वतः पाहिली. 

हरणाबाईनं पाट्याखालून हात काढला. रिकामा. फडकं झटकलं, घडी घातली, कमरेला खोचलं आणि पोरांना म्हणाली, "चला, भाकऱ्या टाकायच्यात."

तिन्हीसांजेला वळीव कोसळला. सकाळी पाटा दिसला नाही.

शिबिर संपलं. कोयनानगरच्या थांब्यावर आम्ही तिला गाडीत बसवत होतो. तेव्हा लालासाहेब मास्तरांनी, कधी नव्हे ते हळू आवाजात, विचारलं, "हरणाबाई, माती नाही घेतली तुम्ही. आता भाऊसोंना काय सांगणार?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली, खिडकीतून वाकून मास्तरांकडं पाहिलं आणि म्हणाली, "सांगते की, त्याला सोबती मिळाल्यात, यायला तयार न्हाई त्यो. आन् मास्तर, फुडल्या साली पीठ जरा जास्त आणा. वाढत्या अंगाचं पोर हाय, एका भाकरीवर कसं भागंल त्याचं?"