महालक्ष्म्यांसाठी रस्टिक मखर

'रस्टिक' हा शब्द ज्याच्या घरात कधी शेणाने सारवलं गेलं नाही, अशाच माणसाच्या तोंडी शोभतो. ज्यांनी जन्मभर खडबडीत फळ्यांवर पाठ सोलून घेतली, ते हाती पैसा आला की आधी सनमायका लावतात. आणि आम्ही! पिढ्यान्‌पिढ्या यवतमाळच्या कचेऱ्यांत पंख्याखाली बसून फायली सरकवणारी माणसं. आम्ही मोबाईलवर कुठल्या तरी दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहतो आणि ठरवतो, की आपल्या हॉलमध्ये थोडंसं खेडं पाहिजे. दाढीवाला मालाचं पॅलेट उचकटतो, करवत फिरवतो आणि मागचं गाणं संपायच्या आत भिंतीवर शेल्फ लटकवतो. त्याचा खिळा वाकल्याचं कधी दिसत नाही. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण अक्कल आमच्याकडे नेहमी टपालाने येते.

त्यातून आमचा जिल्हा सागवानाचा. कुणाच्याही घरी जा, दिवाण सागवानी, देवघर सागवानी, कपडे आपटायची मोगरीसुद्धा सागवानी. अशा ठिकाणी राहून खोक्याच्या भुसभुशीत पांढऱ्या लाकडावर जीव टाकायचा, म्हणजे आंबराईत बसून आमचूर चघळण्यासारखं आहे. मी तो चघळला. आधी एक शेल्फ केलं, ते पुस्तकं सोडून बाकी सगळं पेलत असे. मग एक घड्याळ केलं, त्याचे काटे कुसळांत अडकत. कॉलनीतले लोक येऊन "वा, किती रस्टिक!" म्हणत आणि बसताना आमच्या जुन्या सागवानी खुर्चीवरच बसत.

हे सगळं आमच्या चार भिंतींत राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मध्ये महालक्ष्म्या आल्या.

आई गेल्यापासून भाद्रपदातल्या आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे बाकीच्यांच्या गौरी, थोरल्या वहिनीकडे बसत. माझी बायको दरवर्षी तिकडे जाऊन पुरण वाटायची, सोळा भाज्या चिरायची आणि पाहुण्यांनी वहिनीचं केलेलं कौतुक ऐकून घरी यायची. यंदा वहिनीचे गुडघे बोलायला लागले. तेव्हा मारेगावच्या आमच्या आत्याने, जिच्या शब्दापुढे आमच्या घराण्यात कुणी जात नाही, अक्षय्य तृतीयेला निकाल दिला: "यंदा धाकटीकडं बसवून पाहू." 'बसवून पाहू'चा अर्थ सगळ्यांना कळला. नीट पार पडलं, तर महालक्ष्म्या कायमच्या आमच्याकडे. नाही पडलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा वहिनीकडे, आणि माझी बायको पुन्हा पाट्यापाशी.

तिने माझ्याकडे एकच मागणं मागितलं. "अहो, मखर तेवढं भाड्यानं आणा. झगमग असलं तरी चालते. तुम्ही काही करू नका, तुमच्या पाया पडते."

नवऱ्याला 'तुम्ही काही करू नका' असं सांगणं म्हणजे अक्षता देऊन बोलावणं आहे.

बायकोचा भाऊ घाटंजीकडे शेती करतो. कापूस, तूर आणि बढाई ही त्याची तिन्ही पिकं जोमदार. त्याच्या कानावर माझा बेत गेला.

"जवाईबापू, जुन्या बैलबंडीच्या सागवानी फळ्या पडल्या हायेत घरी. घेऊन जा ना. रंधा मारला का आरशासारख्या होतात."

"मला आरसा नको. रस्टिक पाहिजे."

"थे काय असते?"

"जुनं, खडबडीत, वरून काही न चोपडलेलं."

"मंग तुम्हीच बसा ना मखरात!"

असल्या अडाणी विनोदांकडे मी दुर्लक्ष केलं आणि घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी एका खताच्या गोदामामागून पॅलेटं उचलून आणली. खताची पोती जमिनीच्या ओलीपासून वर राहावीत म्हणून खाली घालतात, त्या लाकडी चौकटी. गोदामवाल्याने फुकट दिल्या. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तेही मला पुढे आठवलं, वेळेवर नाही.

वैशाखाच्या उन्हात लाकूड खणखणीत वाळलं. फळ्यांवर जागोजागी पांढरट, चमचमती झाक होती. बायकोने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "याला लाकडाचं वय म्हणतात. लोक असं दिसावं म्हणून मुद्दाम मेहनत घेतात." झाक जाऊ नये म्हणून मी रंग लावला नाही, वॉर्निश लावलं नाही, ओलं फडकंसुद्धा फिरवलं नाही. दोन खांब, मागे फळ्यांची भिंत आणि वर फुलोरा टांगायला आडवी पट्टी. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर तळलेल्या करंज्या, वेण्या, पापड्या दोऱ्याने टांगतात, तो फुलोरा. शिवाय एकही स्क्रू दिसता कामा नये म्हणून सगळे खोल बुडवून त्यांच्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून टाकली. अशी सफाई, की पुढे ते स्क्रू मलाही सापडले नाहीत.

महालक्ष्म्या आल्या, कुंकवाच्या पावलांवरून घरभर फिरून मखरात बसल्या. दोघी बहिणी, पुढ्यात त्यांची दोन लेकरं, अंगावर नव्या पैठण्या. बायकोच्या हाताला कला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं ती कला वहिनीच्या नावावर जमा होत होती. एकदा बसलेल्या महालक्ष्म्या विसर्जनापर्यंत तसूभर हलवायच्या नाहीत, असा आमच्याकडे कडक दंडक. धक्का लागला की घराला लागला, असं म्हणतात.

दुसरा दिवस जेवणाचा. बाहेर झड लागलेली, दारं-खिडक्या बंद, आत पुरणाची वाफ आणि गावोगावचे नातेवाईक. हवा अशी की भिंतीवर हात ठेवला तर हात ओला. आरतीला सगळे उभे राहिले, आणि आत्याने नाक वर केलं.

"काहून रे बाबू, मांजर मुतलं काय अथी?"

आमच्याकडे मांजर नाही. तरी सगळ्यांनी दिवाणाखाली वाकून पाहिलं. मीही पाहिलं. आरती म्हणता म्हणता वास नाकात चढायला लागला, डोळे चुरचुरले. एका काकूंनी ती भक्ती समजून पदर डोळ्यांना लावला.

मग वहिनी पुढे झाली. वहिनीची नजर घारीची. तिच्या घरच्या मखरात प्लास्टिकची कमळं गरगर फिरतात आणि दिवे हिरवे-तांबडे होतात, पण दुसऱ्याच्या घरातली उणीव तिला अंधारातही दिसते. तिने वर बोट केलं. आडव्या पट्टीवर टपोरे थेंब धरले होते. एक थेंब थोरल्या महालक्ष्मीच्या खांद्यावर पडला, पैठणीवर डाग पसरला.

"घाम फुटला हो महालक्ष्मीले," वहिनी हळूच म्हणाली. घराण्यात हळू बोललेलंच शेवटपर्यंत पोचतं. "तिले करमून नाही राह्यलं इथं."

बायकोने आरतीचं तबक पाटावर ठेवलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, याचा अर्थ मला नीट कळत होता.

तेवढ्यात मेव्हण्याने खांबावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तोंडभर हसला. "घाम कायचा! युरिया हाय युरिया! गोदामात मुरलेला, ओलीनं सुटून राह्यला. जवाईबापू, देवीले खत टाकलं काय? वाढली पायजे म्हनून?"

हसण्याची लाट स्वयंपाकघरापर्यंत गेली. लाकडाचं वय ते हेच होतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण त्याला रंधा न मारता असा देवासमोर मांडला नव्हता. हसू ओसरायच्या आत फुलोऱ्यातली एक भिजलेली करंजी दोऱ्यावरून सुटली आणि लेकरांच्या पुढ्यात थपकन पडली. मग कुणी हसलं नाही. फुलोरा प्रसाद म्हणून वाटायचा असतो.

"काढ थे लाकूड," आत्या म्हणाली. "अन बायांले धक्का लागला तं याद राख."

स्क्रू शोधायला गेलो, तर माझी सफाई आडवी आली. शेवटी करवतच. मेव्हणा खांब कापणार, पण मागची भिंत सुटून महालक्ष्म्यांवर कोसळू नये म्हणून कुणीतरी आतून धरायला हवी होती. मी भिंत आणि फळ्या यांच्यामधल्या फटीत आडवा शिरलो आणि पाठीने, डोक्याने, मिळेल त्या अवयवाने मखर तोलून धरलं. दाढीवाल्याच्या व्हिडिओत ही पोझ नाही. मुखवट्यांवर बायकोने धुतलेलं उपरणं टाकलं. आता दोघींना कुणी धरायचं? बायको पुढे झाली, तर वहिनी म्हणाली, "तुझे हात कापून राह्यले. सरक." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून तिने दोघींच्या कमरेला हात घातले.

करवत चालली. वहिनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. बायकोने कढई पुन्हा चढवली आणि नवा फुलोरा तळायला घेतला. आत तळणाचा चर्रर्र, बाहेर करवतीचा खर्रर्र.  तुकड्या-तुकड्याने मखर दाराबाहेर पावसात गेलं. खिडकीच्या गजाला आणि समोरच्या हुकाला कपडे वाळवायची दोरी बांधली, तिच्यावर नव्या करंज्या चढल्या. मागे नुसती निळी भिंत. खरं सांगायचं तर तेच बरं दिसत होतं.

आत्या खुर्चीत बसली. "आता बोला. पुढच्या वर्षाचं काय?"

वहिनी पदराने घाम पुसत उठली. "माह्या घरी असं कधी झालं नाही, आत्याबाई."

स्वयंपाकघराच्या दारात बायको आली, हातात झारा. "ताई, त्या तुमच्या हातात होत्या. खरं सांगा, हलल्या का?"

वहिनीने पदर खोचला. तिच्याविषयी माझं मत काय आहे ते वर आलंच आहे. ती हो म्हणाली असती, तर कोण तपासणार होतं? महालक्ष्म्यांना धक्का लागेल म्हणून मी अजून त्यांच्यामागे भिंतीलाच चिकटून होतो, तिथून मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"नाही," ती म्हणाली. "केसभरबी नाही हलल्या."

"झालं तं मंग," आत्या म्हणाली. "डोक्यावर करवत चालली तरी जाग्यावर राह्यल्या. त्यायले राह्यचं हाय इथं."

बायको चटकन आत वळली. मग आतून आवाज आला, "ताई, आंबिलीचं मीठ पाहून देता का?" वहिनी लंगडत आत गेली.

पाट मांडले गेले. पहिलं पान वहिनीचं, वाढायला माझी बायको. माझं पान कुणी मांडलं नव्हतं. मी भिंतीपासून सुटलो, अंगावरचा भुसा झटकला आणि शेवटचा पाट स्वतःच ओढून बसलो.