होडीच्या नंबराची गाडी

आज माझ्या खिशात गाडी चालवायचं लायसन आहे ते आमच्या घरमालक काकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना हसू येईल आणि त्या हसण्यात त्यांचे उपकार झाकले जायला नकोत. नंबर नसलेल्या वस्तूवर एवढा अविश्वास असलेला माणूस सगळ्या रत्नागिरीत दुसरा नसेल. त्यांची सगळी नोकरी बंदर खात्यात मच्छीमारांच्या होड्या नोंदवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर होड्या सुटल्या, पण पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश काही सुटला नाही. आवारातल्या हापूसच्या कलमांना नंबर, माडांना नंबर, पाण्याच्या पिंपाला नंबर. सोळा नंबर कोंबड्यांच्या खुराड्याला. मी परभणीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. औषधांच्या दुकानातून घरोघर औषधं पोचवायच्या कामावर इथं आलो आणि काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला असं काही निरखून पाहिलं, की वाटलं, आता आपल्या पाठीवर सतरा लिहितात! तसं झालं नाही. माझं नाव मात्र त्यांनी 'परभणी' ठेवलं. "परभणी, चहा घेतलास काय रे?"

सतरा नंबर पुढे माझ्या बॅटरीच्या गाडीला गेला. गाडी हळू चालणारी, त्यामुळे तिला ना नंबर लागायचा ना लायसन. मला कागदांची धास्ती, म्हणून तर मी ती घेतली होती. पण इथे चढ फार. बंदराकडून वर यायचं म्हटलं की गाडी निम्म्यातच दम टाकायची आणि पिशवी घेऊन चाललेल्या आजी मला मागे टाकून जायच्या. मग इथले बरेच जण करतात तेच मी केलं. मेकॅनिककडून वेग रोखणारी वायर तोडून घेतली. गाडी पळू लागली आणि थोड्याच दिवसांत बोलवा उठली, की आता बॅटरीच्या सगळ्याच गाड्या नोंदवाव्या लागणार.

दुकानाबाहेर रोज तीच चर्चा. गाडीवरून मासळी विकणाऱ्या मावशी सगळ्यात तापलेल्या. "घेताना सांगितलं नंबर नको, लायसन नको, म्हणून घेतली. आज नंबर लावा म्हणतील, उद्या हेल्मेट घाला. हेल्मेटात 'बांगडे घ्या' म्हणून वरडले तर माझ्याच कानात वाजतील!" इस्पितळातल्या सिस्टरचं म्हणणं उलटं. "माझी गाडी चोरीला गेली, चौकीत विचारलं, नंबर काय? काय सांगू, निळी आहे म्हणून?" मला दोघींचंही पटायचं आणि मी औषधांची पिशवी उचलून निघायचो.

मावशींचं बोलणं मी काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तिचं खोटं नाही. एक सांगून दुसरं करणं वाईटच. पण परभणी, होडी परत आली नाही ना, की आम्ही वहीत नंबर बघायचो आणि कुणाच्या घरी निरोप धाडायचा ते कळायचं. तू इथे रस्त्यात पडलास तर कुणी कुणाला कळवायचं?" इथे आपलं कुणी नाही, हे मी रोज स्वतःशी म्हणायचो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फार वेगळं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाडीच्या पुढे-मागे ठसठशीत पांढरी अक्षरं: 'रत-१७'. काका कौतुकाने बघत उभे होते, पुसायची हिंमत झाली नाही. नाक्यावर पोलिसाने हात केला. "ही गाडी आहे का होडी?" तो हसला, पण गाडी ठेवून घेतली. तोडलेली वायरही सापडली. दुकानाचे शेट म्हणाले, "दुकानाची नंबरवाली बॅटरीची गाडी देतो तुला. पण दोन महिन्यांत लायसन आण. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

लायसनला वयाचा पुरावा हवा, माझ्यासाठी तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि तो शाळेतच राहिलेला. आणि शाळा तर मी कुणाला न सांगताच सोडली होती. दाखला मागायला गेलो तर गुरुजी विचारतील, इतके दिवस कुठे होतास? या एका प्रश्नाला भिऊन चौदा वर्षं घालवली. काकांना हे सांगताना मी रडलोच. ते रागावले नाहीत. आधी चौकीत जाऊन म्हणाले, "नंबर मी काढला साहेब. अक्षर जुळवून बघा, बंदरावर माझ्या हातच्या अजून चार होड्या असतील." वायर जोडून घेतली, अक्षरं खरवडली, तेव्हा गाडी सुटली. मग त्यांनी माझ्या शाळेत फोन लावला. "मी त्याचा रत्नागिरीचा काका बोलतोय," असं दडपून सांगितलं. पलीकडून हेडसर काही विचारत होते. काका म्हणाले, "हो, चांगला आहे. वेळेवर जेवतो. भितो मात्र फार." आठ दिवसांत दाखला टपालाने आला. पाकिटावर माझं नाव आणि खाली काकांच्या घराचा पत्ता. कितीतरी वेळ मी तो पत्ताच वाचत बसलो.

परीक्षेसाठी काकांनी रस्त्यावरची चिन्हं पुठ्ठ्यांवर रंगवून कलमांना टांगली. दोन्ही हात हँडलसारखे धरून मी बागेत फिरायचं आणि ते शिट्टी घेऊन खुराड्याशी उभे. 'प्रवेश बंद'पाशी थांबलो नाही की ओरडायचे, "मेल्या, गेलास समुद्रात!" चिन्हांची आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षांत पास झालो. नोकरी राहिली.

गेल्या नोव्हेंबरात काका पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला एकटेच बँकेत गेले. वयाने बोटं गुळगुळीत झालेली, मशीनवर ठसा उमटेना. चार वेळा प्रयत्न करून घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "परभणी, मशीन म्हणतं मी नाही." हसत म्हणाले, पण त्या दिवशी चहा तसाच राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या त्यांनी, आणि आता दरवर्षी आपण आहोत एवढं सांगायला रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या खेपेला बँकेतल्या साहेबांनी बोटांऐवजी डोळे मशीनवर तपासून काम केलं, पण तेव्हाही मी औषधं वाटत फिरत होतो.

काउंटरसमोर उभं राहायला मी अजून भितो. तरी या नोव्हेंबरापासून दरवर्षी मी काकांसोबत जाणार. मशीनने नाही म्हटलं तर साहेबांशी मीच बोलणार, न भिता. माझ्यासाठी त्यांनी जे केलं ते एका खेपेत फिटणारं नाही. मला अशा पुष्कळ खेपा घालायच्या आहेत.