कट्ट्यावर नुसतं बसलेली माणसं

तुमची आई लग्न होऊन अमेरिकेला गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याआधी बरीच वर्षं मी ठाण्यातल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी केली होती. ती सोडल्यावर माझ्या नणंदेच्या मुलाने कोपरीत वेबसाइटचं छोटं ऑफिस थाटलं, आणि त्याचा सर्व्हर सांभाळायला मी डोंबिवलीहून जाऊ लागले.

सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला एक साधा पीसी. त्या एकावरच सगळ्यांचा संसार: एक विवाहमंडळ, एक क्लास, एक साड्यांचं दुकान, एक हापूसवाले. शिवाय एक फुकटातला कट्टा. ज्यांची मुलं परदेशी, त्यांनी शनिवारी सकाळी त्या पानावर यायचं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून गप्पा मारायच्या. तिकडे तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ असे. फोन महाग होता. माझी लेक मला भेटायची ती तिथेच.

नेमका शनिवारीच सर्व्हर अडकू लागला. पानं उघडेनात, डिस्क करकर वाजत राही. मेमरी संपत होती. म्हणजे काय, ते सांगते. मेमरी हा स्वयंपाकघराचा ओटा समजा आणि डिस्क हा माळा. ओटा भरला की यंत्र काही डबे माळ्यावर टाकतं आणि लागेल तसं स्टुलावर चढून काढत बसतं. मग फोडणी जळणारच.

"मामी, हापूसवाल्यांचा फोन आलेला," भाचा म्हणाला. "ऐन सीझनमध्ये साइट उघडत नाही म्हणून सकाळपासून डोकं खातायत. तो कट्टा बंद करून टाकू या ना."

"अरे, पण कट्ट्यामुळेच होतंय हे कशावरून?"

"शनिवारी तोच तर चालतो! काय बोलतात कोण जाणे एवढं."

"मग मेमरीची आणखी एक पट्टी घे."

"फुकटातल्या पानासाठी? मामी, तुम्ही पण ना! आणखी दोन-तीन शनिवार बघा, नाहीतर बंद."

त्याचंही चुकत नव्हतं. मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. आधी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. थोडा वेळ बरं चाललं, मग परत तेच. विवाहमंडळाचा फोटोंचा शोध बंद ठेवून पाहिला. काही फरक नाही. मग शनिवारी सकाळी कट्टा उघडला आणि शेजारच्या पडद्यावर कुठला प्रोग्रॅम किती मेमरी घेतोय ते बघत बसले.

बोलणं जवळजवळ नव्हतंच. कुणीतरी "जेवलास का?" विचारलं, कुणीतरी "हो" म्हटलं, की मग शांत. तरी ओटा काठोकाठ भरलेला. जो कुणी पान उघडेल त्याच्यासाठी यंत्र प्रोग्रॅमची एक वेगळी प्रत मांडत होतं, आणि तो बोलो न बोलो, उठेपर्यंत ती हलत नव्हती. पाट मांडलाय, ताट वाढलंय, पाहुणा जेवत नाही आणि उठतही नाही. आणि आपली माणसं उठत नव्हती! घरचं कुणी बाहेर असलं की आपण दाराला कडी लावत नाही. मूल येईल आणि आपण नसू, या धास्तीने आईबाप तासभर आधीच येऊन बसत. एका घरातून तर आजी आणि आजोबा वेगवेगळ्या खिडक्या उघडून बसत, दोघांचीही नावं दिसायला हवीत म्हणून. मूल आलं की पडद्याच्या कडेला त्याचं नाव उमटे. तेवढ्यावरच मंडळी चहा पीत.

मीही तशीच बसायची. तुमची आई तिकडे कुकर लावायची, कपड्यांच्या घड्या घालायची. आणि इथे तिचं नाव माझ्यासमोर.

मी नियम घातला. पाच मिनिटं जो काही लिहिणार नाही, त्याची प्रत यंत्राने मोडायची. पुढच्या शनिवारी डिस्कची करकर थांबली. हापूसवाल्यांचं पान झटकन उघडलं.

"मानलं मामी तुम्हाला!" भाचा म्हणाला. "राहू दे तुमचा कट्टा."

मी पडद्याकडे बघत होते. तुमच्या आईचं नाव होतं, आणि मग नव्हतं. थोड्या वेळाने ती परत आली.

"आई, मला बाहेर कोणी काढलं? मी भाजी चिरत होते."

"मीच काढलं," मी लिहिलं, आणि कारण सांगितलं. "मधूनमधून काहीतरी बोलत जा, म्हणजे राहशील."

"बोलायला काही नाहीये गं. नुसतं बसायचं होतं."

एका नावाला त्या नियमातून वगळणं मला सहज जमलं असतं. पण कट्ट्यावरचं प्रत्येक नाव कुणाच्या तरी लेकराचं नाहीतर आईबापाचं होतं. तिकडून एक नुसतं टिंब आलं. मग मीही एक टिंब पाठवलं. तिचा स्वयंपाक होईपर्यंत आमचं तेच चाललं होतं.

बाळांनो, आता तुमचे चेहरेसुद्धा दिसतात मला. पण बोलायचं संपलं की तुम्ही लगेच "बाय आजी" म्हणून फोन ठेवता. कधीतरी ठेवू नका. तसाच पुस्तकाला टेकवून अभ्यासाला बसा. मी इथे मेथी निवडत बसेन. काही बोलायचं नाही.