खाते आणि खाऊन राह्यले

"मावशी, जरा इकडं या."

पाचवीच्या वर्गातून सरांनी हाक मारली. भोकरदनजवळच्या एका खेड्यात, शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. सर नवे, शहरातून आलेले, इंग्रजीचे. पदराला हात पुसत फळ्यापाशी जाऊन उभी राह्यले.

"सांगा मावशी, तुम्ही आत्ता काय करत आहात?"

"खिचडी करून राह्यले, सर."

सर हसले. पोरांकडं वळले. "ऐकलंत? करून राह्यले! ज्यांना मराठी धड येत नाही, त्यांना इंग्रजी काय येणार? असं बोललात तर जन्मभर खिचडीच ढवळाल."

वर्ग हसला. दुसऱ्या बाकावर माझी नात होती. ती हसली न्हाई. नखानं बाकावर रेघा ओढत बसली. अन् मी? मी बी हसले. सरांना बरं वाटावं म्हणून दात दाखवले अन् चुलीपाशी परत आले. लिहिताना आजबी कान तापतात.

मी चौथी शिकलेली. बाकीचं वाचन पुड्याच्या कागदावरून, पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून केलं. म्हणून शिकल्या माणसाचं म्हणणं मला लगेच खरं वाटायचं. त्या दिवसापासून मी नातीच्या मागंच लागले. 'मंग' म्हणाली की टोक, 'न्हाई' म्हणाली की टोक. एकदा ती म्हणाली, "आजी, जेवून राह्यले ना मी!" मी चापट मारली. जेवणाऱ्या पोरीला. घास तोंडात तसाच राह्यला तिच्या.

मंग ती बोलायचीच बंद झाली. सरांनी वर्गात विचारलं की खाली मान. सरांनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, 'मठ्ठ'.

एका संध्याकाळी तिनं भीत भीत पुस्तक पुढं केलं. दोन वाक्यं होती. आय ईट. आय ॲम ईटिंग.

"आजी, सर म्हणतात पहिलं 'खाते', दुसरं 'खात आहे'. पण आपल्यात कोणी 'खात आहे' म्हणतच न्हाई."

मला इंग्रजी कुठं येतं? तरी विचारलं, "तू भाकर खाते का?"

"खाते की. रोज."

"अन् आत्ता, ह्या घडीला खात असली तर?"

ती माझ्या हाताकडं बघायला लागली.

"बोल. मारत न्हाई."

"खाऊन राह्यले."

खाते, आय ईट. खाऊन राह्यले, आय ॲम ईटिंग. बराबर बसलं! दोन्ही तिच्याच तोंडात पहिल्यापासून होतं. त्यातलं एक आम्ही दोघांनी पुसलं होतं, सरांनी अन् मी. ती सुटलीच मंग. पिऊन राह्यले, ड्रिंकिंग. पळून राह्यले, रनिंग. मी मात्र तोंड फिरवून बसले. "मारत न्हाई" असं पोरीला सांगायची पाळी मी आणल्ती.

दुसऱ्या दिवसापासून खिचडी वाढताना मी पोरांना विचारायला लागले, "काय करून राह्यला रे?"

"आय ॲम ईटिंग, मावशी!"

"अन् मी?"

"मावशी इज वाढिंग!"

हसून हसून ठसका लागायचा पोरांना. सरांनी ऐकलं. "मावशी, तुम्ही तुमचं पातेलं सांभाळा. पोरांची भाषा बिघडवू नका."

ह्या वेळी मी हसले न्हाई. "सर, बिघडली न्हाई. विचारून बघा, एकाचं तरी चुकतंय का. आमचं बोलणं एकदा फळ्यावर लिहा, पोरं तिथून इंग्रजीत सहज जातील."

सर तडक मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, सरांची माफी मागा, न्हाईतर दुसरी बाई बघतो.

माफी मी मागितली. घरी, नातीची. ती म्हणाली, "जाऊ दे आजी." पण अजून ती बोलायच्या आधी माझा हात कुठं आहे ते बघून घेते. ते माफीनं जायचं न्हाई. ते मला बघत राहावं लागंल.

सरांची मागणार न्हाई. सोमवारी पालकांची सभा आहे, पाचवीच्याच वर्गात. नातीला पुढं बसवणार अन् सगळ्यांसमोर सांगणार, ह्या पोरीला मठ्ठ केलं ते सरांनी अन् मी. माझी चूक मी बोलले, आता सरांनी त्यांची बोलावी. कामावरून काढायचं तर त्यानंतर काढा. त्याआधी मी खाली बसणार न्हाई.